मुंबईच्या आमदारांना खुले पत्र : प्रश्न असा विचारा की उत्तर द्यावेच लागेल

प्रति,
मुंबई शहर व मुंबई उपनगर जिल्ह्यांतून निवडून आलेले ३६ सन्माननीय विधानसभा सदस्य,
विधानभवन, नरिमन पॉइंट, मुंबई.

विषय : शासनाला विचारल्या जाणाऱ्या लेखी प्रश्नांच्या रचनेबाबत.

सन्माननीय महोदय व महोदया,

हे पत्र कोणत्याही एका पक्षाच्या सदस्यांसाठी नाही. आपल्यापैकी काही जण सत्ताधारी बाकांवर बसतात, काही समोरच्या. परंतु मंत्रिपद नसलेल्या प्रत्येक सदस्याला लेखी प्रश्न विचारण्याचा अधिकार सारखाच आहे, आणि त्या प्रश्नांचे पुढे जे होते तेही दोन्हीकडे सारखेच होते. मी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंच्या आणि जुन्या इमारतींच्या प्रकरणांत वकिली करते. या कामासाठी विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या मला वाचाव्या लागतात, कारण एखाद्या कायद्याची अंमलबजावणी नेमकी कुठवर आली आहे हे शासनाने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलेले दुसरीकडे फारसे सापडत नाही. या याद्यांत प्रश्न विचारणाऱ्यांची वानवा नाही आणि विषयही बहुतेक वेळा योग्यच असतात. अडते ते रचनेपाशी, कारण ती अशी असते की उत्तर न देताही उत्तर दिल्यासारखे होते.

साचा आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. ‘सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. पहिल्या उपप्रश्नात ठिकाण, महिना आणि घटना यांचे लांबलचक वर्णन व शेवटी ‘हे खरे आहे काय’. दुसऱ्यात ‘असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’. तिसऱ्यात ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे’. आणि चौथ्यात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. याला येणारे उत्तरही तितकेच ठरलेले असते : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ पुढचे तिन्ही उपप्रश्न पहिल्याला टांगलेले असल्यामुळे तो एक निसटला की उरलेले आपोआप गळून पडतात, आणि ज्या माहितीसाठी सदस्याने खटाटोप केला ती मंत्रालयाच्या फाइलमध्ये होती तिथेच राहते.

उत्तराचा मसुदा करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला यासाठी दोष देण्यात मला अर्थ दिसत नाही. मंत्र्यांना अडचणीत आणायचे नाही आणि सभागृहाला खोटेही सांगायचे नाही, अशा दोन अटी सांभाळून त्याला लिहायचे असते. ‘हे खरे आहे काय’ हा प्रश्न त्याला दोन्ही अटी एकाच वाक्यात पाळायची मोकळीक देतो. इमारतीला चार वर्षांपासून टेकू लावलेले आहेत असे प्रश्नात लिहिलेले असेल आणि प्रत्यक्षात पावणेचार वर्षे झाली असतील, किंवा गल्लीचे नाव जुने पडले असेल, तर ते विधान काटेकोर अर्थाने खरे नसतेच. टेकू आहेत, रहिवासी त्याखालून ये-जा करतात, पावसाळा तोंडावर आहे, यातले काहीही नाकारलेले नसते. तरी छापील यादीत उरते ते एवढेच की हे खरे नाही. ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले तर वाचणाऱ्याची पंचाईत आणखी वाढते, कारण कोणता अंश खरा हे सांगण्याचे बंधन कुणावरही नसते.

ज्या न्यायालयांत आम्ही उभे राहतो तिथे ही युक्ती फार जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ८, नियम ४ हा टाळाटाळीच्या नकाराविषयी आहे. वादीने म्हटले असेल की प्रतिवादीने अमुक एक रक्कम घेतली, तर ‘मी ती रक्कम घेतली नाही’ एवढे लेखी कैफियतीत लिहून प्रतिवादीला सुटता येत नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असे त्याला सांगावे लागते, नाहीतर किती घेतली ते सांगावे लागते. एखादी गोष्ट तपशिलासह नाकारताना केवळ तपशील नाकारला तर तो पुरेसा नकार मानला जात नाही, आणि त्याच्या पुढचाच नियम असा की जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल समजले जावे. दाव्यातल्या तारखा चुकल्या म्हणून संपूर्ण दावाच ‘खरा नाही’ असे म्हणून कैफियत संपवणाऱ्या वकिलाला न्यायाधीश दोन मिनिटांत खाली बसवतील.

विधानसभेत अशी सोय नाही. प्रश्न स्वीकारायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतात, परंतु आलेल्या उत्तराने प्रश्न खरोखर सोडवला का हे पारखून पाहण्याचे काम सहसा कुणी करत नाही. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी दिलेला, प्रश्न प्रश्नोत्तराच्या तासात पुकारला गेला तर जागेवरच पूरक प्रश्न विचारून मंत्र्यांना धरता येते, पण त्या एका तासात यादीतले थोडेच प्रश्न पुकारले जातात. उरलेल्या तारांकित प्रश्नांना आणि सगळ्याच अतारांकित (फक्त लेखी उत्तराच्या) प्रश्नांना छापील उत्तर हाच शेवट असतो. तिथे उलटतपासणी नाही. म्हणून जी खबरदारी न्यायालयात उत्तर आल्यानंतर घेता येते, ती आपल्याला प्रश्न लिहितानाच घ्यावी लागणार आहे.

‘हे खरे आहे काय’ हा साचा आळसातून आला असे मला वाटत नाही. प्रश्नात विधान केले तर त्याच्या सत्यतेची जबाबदारी सदस्याने घेतली पाहिजे, प्रश्नात युक्तिवाद किंवा अनुमान नसावे, अशा अटी संसदीय नियमांत असतात आणि त्या योग्यही आहेत. विधान तर करायचे आहे, पण त्याची जबाबदारी अंगावर घ्यायची नाही, या अडचणीतून काढलेली ती वाट असावी. परंतु ज्या प्रश्नात विधानच नाही, ज्यात फक्त आकडा, तारीख, आदेशाचा क्रमांक किंवा जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम मागितले आहे, त्याला ही अडचण मुळातच नाही. आणि अशा प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येत नाही, कारण खरे-खोटे ठरवण्यासारखे त्यात काही नसते.

मला जवळच्या असलेल्या एका विषयावर हे करून दाखवते. दक्षिण मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा, इमारतींसाठी १९६९ साली वेगळा कायदा होऊन दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. पुढे १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमाखाली हे काम म्हाडाकडे आले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले; जुलै २०१९ मध्ये डोंगरीतील केसरभाई इमारतीची दुर्घटना घडली, आणि तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच कोसळलेला भाग म्हाडाच्या यादीतल्या इमारतीचा की तिला लागून असलेल्या अनधिकृत बांधकामाचा यावर खुलासे सुरू झाले होते. त्यानंतर अधिनियमात कलम ७९-अ आले. इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने. त्याने दिला नाही तर भाडेकरू-रहिवाशांच्या नियोजित सहकारी संस्थेला सहा महिने. त्यांच्याकडूनही प्रस्ताव आला नाही तर म्हाडाने मालमत्ता संपादित करून स्वतः पुनर्विकास करायचा, अशी ती रचना. कागदावर ही तरतूद भाडेकरूंच्या बाजूने मुंबईत आजवर झालेल्या महत्त्वाच्या तरतुदींपैकी एक आहे, असे माझे मत आहे. मालकांच्या बाजूने उभे राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचे मत अर्थातच निराळे आहे.

आता या विषयावर नेहमीचा प्रश्न कसा येईल? गिरगाव, उमरखाडी, काळाचौकी या भागांतील अनेक उपकरप्राप्त इमारती धोकादायक झाल्या असून त्यांचा पुनर्विकास रखडला आहे व रहिवासी जीव मुठीत धरून राहत आहेत, हे खरे आहे काय. ‘अनेक’, ‘रखडला’ आणि ‘जीव मुठीत धरून’ या तिन्ही शब्दांना उत्तरदात्याकडे तीन दारे आहेत. त्याऐवजी प्रश्न असा लिहिला तर? कलम ७९-अ अमलात आल्यापासून प्रश्नाच्या दिनांकापर्यंत मालकांना एकूण किती नोटिसा देण्यात आल्या. त्यांपैकी किती नोटिसा महापालिकेने मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली इमारत धोकादायक ठरवल्यानंतर दिल्या आणि किती अन्य प्राधिकाऱ्याने तसे ठरवल्यानंतर, व तो प्राधिकारी कोणत्या आदेशान्वये नेमला होता. मालकाची सहा महिन्यांची मुदत किती प्रकरणांत संपली. त्या प्रकरणांपैकी किती ठिकाणी भाडेकरूंच्या संस्थेला दुसरी नोटीस गेली आणि मुदत संपण्याचा दिवस व नोटिसीचा दिवस यांत जास्तीत जास्त किती अंतर पडले. किती प्रकरणांत भूसंपादनाचा प्रस्ताव शासनाकडे आला, त्यांपैकी किती मंजूर झाले, आणि प्रलंबित असलेल्यांत सर्वांत जुना प्रस्ताव कोणत्या दिनांकाचा आहे. वॉर्डनिहाय तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल काय, असे शेवटी विचारावे.

या प्रश्नात सरकारवर एकही आरोप नाही. पण याचे उत्तर आले तर कायदा कुठे अडतो ते आम्हाला बोट ठेवून दाखवता येईल. उत्तर आले नाही, तर आकडे ठेवलेच गेलेले नाहीत हे लेखी बाहेर येईल, आणि तेही कमी महत्त्वाचे नाही. धोकादायक ठरवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हा वरकरणी तांत्रिक दिसणारा भाग मी मुद्दाम घातला आहे. म्हाडाने दिलेल्या नऊशेहून अधिक नोटिसांबाबत २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर जो वाद गेला, तो याच मुद्द्यावर होता. हाच प्रश्न त्याच्या दोन अधिवेशने आधी सभागृहात लेखी विचारला गेला असता, तर मालक आणि भाडेकरू या दोघांचाही वेळ वाचला असता.

माझ्या मते लेखी प्रश्नाचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे जिथे कायदा झाला आहे पण पुढचे काही झाले की नाही हे कुणालाच कळत नाही. मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या कोणत्याही सचिवाला विचारून पाहावे. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब घालण्यात आले, आणि त्याखालच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी यायला २०२५ साल उजाडले. मधली वर्षे संस्था, उपनिबंधक आणि आम्ही वकील नव्या कलमांचा जुन्या नियमांशी मेळ घालत बसलो. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ चा. मुंबईत फेरीवाल्यांचे सर्वेक्षण त्याच वर्षी झाले आणि नगर पथविक्रेता समितीवरील त्यांच्या प्रतिनिधींसाठी मतदान २०२४ मध्ये. या दहा वर्षांत फेरीवाल्यांवरून सभागृहात गदारोळ कमी झाला नाही. महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देण्यासाठीचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. त्यावर केंद्राने कोणते आक्षेप कोणत्या दिनांकाच्या पत्राने कळवले आणि राज्याने त्यांना काय उत्तर दिले, एवढा साधा तारखांचा प्रश्न दर अधिवेशनाला विचारता आला असता.

राज्याच्या बहुतेक अधिनियमांच्या शेवटी असे एक कलम असते की त्याखाली केलेला प्रत्येक नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांसमोर एकूण तीस दिवस ठेवला जावा. आपल्यापैकी कुणी एकानेच विभागनिहाय एवढे विचारावे की गेल्या दहा वर्षांत झालेल्या अधिनियमांपैकी कोणत्या अधिनियमांखाली नियम करण्याची तरतूद आहे, त्यांपैकी कशाचे नियम झाले, राजपत्रात कोणत्या दिनांकाला आले आणि सभागृहासमोर कधी ठेवले गेले. उत्तर रुक्ष असेल, कोणत्याही वृत्तवाहिनीवर दिसणार नाही. वकिलांच्या खोलीत मात्र त्याच्या प्रती निघतील.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे शहराला निवडून आलेले नगरसेवक नव्हते. प्रशासकाला विचारणारे कुणी नसल्यामुळे नाले, कचरा, पदपथ, शौचालये हे सगळे आपल्या याद्यांत आले, आणि त्या काळात ते तिथे येणे भागच होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर २२७ नगरसेवक पुन्हा महापालिकेच्या सभागृहात आहेत. तो भार आता त्यांच्याकडे सोपवावा आणि विधानसभेतला प्रश्न जिथे फक्त विधानसभाच उत्तर मागू शकते अशा गोष्टींसाठी राखून ठेवावा, अशी विनंती आहे.

हा अधिकार मिळवायला या शहरातल्या लोकांना बराच काळ लागला, म्हणून थोडे मागचे. मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक १८६२ साली टाउन हॉलमध्ये झाली, तेव्हा सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली, पण उत्तर ऐकून घ्यायचे आणि गप्प बसायचे; फिरोजशहा मेहता आणि गोखले यांच्यासारख्यांना मुंबई कौन्सिलात याच मर्यादेत काम करावे लागले. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ नंतर इतर सभासदांनाही. आज अतारांकित प्रश्नाची स्थिती व्यवहारात १८९२ च्या प्रश्नासारखी आहे.

नेमका प्रश्न काय करू शकतो याचे उदाहरणही मुंबईशी जोडलेले आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा विषय १९५७ साली लोकसभेतील प्रश्नांतून पुढे आला. खासदार फिरोज गांधींनी तो लावून धरला, आपल्या उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने उघड सुनावणी घेतली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. संसदेला सर्व माहिती अगदी पहिल्या टप्प्यावर दिली गेली पाहिजे, नाहीतर ती दुसरीकडून मिळाल्यावर अडचण होते, हे छागलांनी अहवालात नोंदवून ठेवले आहे. मंत्र्यांना त्याची आठवण करून देण्याचे काम आपले आहे.

मंत्र्यांना पत्र लिहिणे आणि प्रश्न विचारणे यांत आपण फार फरक करत नाही असे दिसते. पत्र देतानाचे छायाचित्र निघते, हे खरे. पण पत्राला मुदत नसते, त्याचे उत्तर छापले जात नाही, आणि ते पुढे कुणाला संदर्भासाठी सापडत नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलाबाबत मुंबईच्या खासदारांनी रेल्वेमंत्र्यांना पत्रे लिहिली होती, हे सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे २३ प्रवासी चेंगरून मेल्यानंतर लोकांना कळले.

माहितीच्या अधिकारावर सर्व सोपवता येईल असे कुणी म्हणेल, तर तो रस्ताही आता अरुंद झाला आहे. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही, असे परंतुक (कलमाला जोडलेली अट) २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमात वैयक्तिक माहिती नाकारण्याविषयीच्या कलम ८(१)(ञ) ला जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ते कलमच बदलले आणि त्या बदलात हे परंतुक गेले. आम्ही नागरिक आमच्या अर्जात आजवर आपल्या अधिकाराचा हवाला देत होतो. आता तो अधिकार आपण स्वतः वापरला तरच आमच्यापर्यंत माहिती पोहोचणार आहे.

संख्येच्या मागे मात्र लागू नये. प्रजा फाउंडेशनसारख्या संस्था मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तके काढतात, वर्तमानपत्रे त्यातला प्रश्नांचा आकडा उचलतात, आणि मग एकाच प्रश्नावर पंधरा-वीस सदस्यांची नावे दिसू लागतात. प्रश्नाच्या तळाशी नाव घालणे हे प्रश्न विचारणे नव्हे. २००५ साली प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून संसदेने अकरा खासदारांना बडतर्फ केले, तेव्हा हेही उघड झाले होते की प्रश्न कुणी लिहिला आणि त्यात काय आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक नसले तरी तो यादीत जातो.

आणखी एक गोष्ट, आणि ती करायला कोणताही नियम बदलावा लागत नाही. ‘कार्यवाही सुरू आहे’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असे उत्तर आले, की त्याच प्रश्नाचा क्रमांक देऊन पुढच्या अधिवेशनात एवढेच विचारावे : या उत्तरात नमूद केलेली कार्यवाही कोणत्या दिनांकाला पूर्ण झाली, आणि झाली नसल्यास ती आज कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला असेल तर तो आश्वासन समितीकडे, म्हणजे अशी आश्वासने पाळली जातात का हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या समितीकडे, गेला की नाही, हेही पाहावे. एकच धागा असा चार अधिवेशने सोडला नाही, तर मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यालाही पाचव्या वेळी तेच वाक्य लिहिणे जड जाईल. विधिमंडळाचे ग्रंथालय आपल्या हाताशी आहे, तिथे जुन्या प्रश्नोत्तरांचे खंड आहेत, आणि या शहरात एखाद्या कलमाबाबत प्रश्न वाचून दाखवला तर विनाशुल्क दुरुस्ती सुचवणारे वकील, नगररचनाकार आणि निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत. मला विचारले तर मी येईन.

आगामी अधिवेशनासाठी कलम ७९-अ बाबतचा वर दिलेला प्रश्न आपल्यापैकी ज्यांच्या मतदारसंघात उपकरप्राप्त इमारती आहेत त्यांनी हवा तर जसाच्या तसा घ्यावा. एकाच सदस्याच्या नावाने गेला तरी चालेल, आणि त्यातला वॉर्डनिहाय तक्ता मात्र कुणी गाळू नये.

आपली,
लघुवाद न्यायालयात वकिली करणारी गिरगावातील एक मतदार